आधी दारं वाजव

चि. मनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, या सीझनला मलाही हरणाच्या शिकारीला धनुष्य घेऊन बसायचंय, कुठलं घेऊ सांग." मी नुसतं "बघू" म्हटलं. तुला ते तुटक वाटलं असणार. पण जे सांगायचंय ते फोनवर उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आज बसून लिहिते आहे. धनुष्याचं शेवटी सांगेन. सुरुवात तिथून होतच नाही.

सुरुवात होते शेजाऱ्यांच्या दारांपासून. आपल्या सॉमरसेट काउंटीत रान म्हणजे काय, तुला ठाऊकच आहे. घरांच्या मागे तीन-चार एकरांची झाडी, तिच्यातून जाणारा एखादा ओढा, पलीकडे दुसऱ्या गल्लीतली घरं. एवढ्याशा झाडीचे मालक पाच. न्यू जर्सीच्या नियमाप्रमाणे धनुष्य घेऊन कुठल्याही इमारतीपासून 150 फुटांच्या आत बसायचं तर त्या मालकाची लेखी परवानगी लागते, आणि 150 ते 450 फुटांच्या पट्ट्यात हरणावर बाण सोडायचा तो उंचावरून खालीच. शाळेच्या मैदानापासून मात्र 450 फूट लांबच राहायचं. हे सगळं शिकारीच्या लायसन्सच्या कोर्समध्ये शिकवतील. पण हरणाला हे आकडे ठाऊक नसतात. फुफ्फुसात नीट लागलेला बाण घेऊनसुद्धा ते साठ-सत्तर यार्ड (यार्ड म्हणजे तीन फूट) धावतं, कधी शंभर. आपल्याकडे शंभर यार्डांत दोन कुंपणं, एक झोपाळा आणि एक स्विमिंग पूल येतो.

म्हणून ज्याच्या जागेत बसणार फक्त त्याचंच नव्हे, चारही बाजूंच्या घरांचं दार वाजव. ऑगस्टमध्ये, शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला, साध्या कपड्यांत. झाडापानांच्या नक्षीचे कपडे घालून कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. नाव सांग, कुठे राहतोस सांग, लायसन्सची प्रत आणि फोन नंबर दे. कोणत्या दिवशी येणार, गाडी कुठे लावणार, कोणत्या झाडावर बसणार तेही सांग. आणि एक प्रश्न आवर्जून विचार: "हरीण तुमच्या आवारात येऊन पडलं तर ते न्यायला मी येऊ का?" होकार मिळाला तर लिहून घे. नकार मिळाला तर आभार मानून परत फीर, हुज्जत घालू नकोस. मग घरी येऊन नकाशावर खुणा कर. एका बाजूची दोन घरं नाही म्हणाली, तर ते झाड तुझ्यासाठी नाही. खाली खुरांचे कितीही ठसे दिसोत.

हे मी इतकं घोळवून का सांगते आहे, ते आता सांगते. तू तेव्हा कॉलेजात होतास आणि मी तुला काही कळू दिलं नव्हतं.

माझा दुसराच सीझन. ऑक्टोबरची संध्याकाळ, उजेड उतरत चाललेला. एक मादी ओढ्याच्या काठाकाठानं आली आणि साधारण 28 यार्डांवर थांबली. मी तेव्हा 20 यार्डांपर्यंतच खात्रीनं मारत होते. पण तीन आठवडे रिकाम्या हातानं परतले होते, हात शिवशिवत होते. बाण सोडला आणि त्याच क्षणी तिनं एक पाऊल पुढे टाकलं. आवाजावरूनच कळलं की बाण मागे लागला. खाली उतरून बाण उचलला तर रक्त काळपट, पिसांना हिरवट चिकटा, आणि पोट फाटल्यावर येतो तो आंबूस वास. बाण आतड्यात गेला होता.

अशा वेळी हलायचं नसतं. आठ-दहा तास, शक्य तर अख्खी रात्र थांबायचं असतं, कारण पोटात बाण लागलेलं हरीण जवळच कुठेतरी जाऊन बसतं आणि कुणी मागे आलं नाही तर तिथेच प्राण सोडतं. मी अर्ध्या तासात टॉर्च घेऊन मागे गेले. ती ओढ्यापलीकडे शंभर पावलांवर बसली होती. मला पाहून उठली आणि घरांच्या दिशेनं गेली. रात्री साडेनऊपर्यंत मी शोधत होते. सकाळी फोन आला. ज्या घराचं दार मी वाजवलं नव्हतं, त्या घरामागे मुलांच्या वाळूच्या चौकटीशेजारी ती पडली होती. जिवंत होती. मान उचलत होती. त्या घरातली सहा-सात वर्षांची मुलगी शाळेला निघताना खिडकीतून बघत होती.

पुढचं लिहीत नाही. त्या माणसानं आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाला की पुन्हा या बाजूला दिसू नका. जिच्या जागेत मी बसत होते त्या बाईंनीही आठवड्याभरात परवानगी काढून घेतली. त्यांचं बरोबरच होतं. पुढचा अख्खा सीझन मी झाडावर चढले नाही. रोज संध्याकाळी वीस बाण, एवढंच केलं. त्या मुलीच्या डोळ्यांसमोरून ते दृश्य गेलं असेल की नाही, हे आजही माझ्या मनात येतं.

त्यानंतर मी स्वतःला काही गोष्टी बांधून घेतल्या. 20 यार्डांपलीकडे नाही. हरीण आडवं उभं असेल किंवा तिरकं होऊन तोंड पलीकडे असेल तरच. समोरून नाही, चालत असताना नाही, मान ताणून सावध उभं असेल तरीही नाही. कायद्यानं सूर्यास्तानंतर अर्धा तास मिळतो. मी त्यातली शेवटची वीस मिनिटं सोडून देते, कारण बाण सुटल्यावर माग काढायला उजेड लागतो.

सावध हरणावर का सोडायचा नाही, ते समजून घे. चांगल्या कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या, धनुष्याचा बाण सेकंदाला 280 फुटांच्या आसपास जातो, आवाज जातो 1100 फुटांच्या वर. म्हणजे दोरीचा आवाज हरणाला आधी ऐकू येतो, बाण मागून पोचतो. 20 यार्डांवर त्याला सेकंदाचा सहावा भाग मिळतो, 30 यार्डांवर चौथा. पळण्यासाठी ते आधी पाय दुमडून खाली दबतं, आणि तुझा बाण काळजावर धरलेला असताना पाठीवर किंवा पाठीच्याही वरून जातो. शांतपणे चरणारं हरीण एवढं चटकन दबत नाही.

बाण लागल्यावर तो कुठे लागला ते रक्त सांगतं. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुफ्फुस. अर्धा तास थांब आणि जा, सापडेल. गडद लाल, जवळजवळ काळं म्हणजे यकृत. चार तास तरी. हिरवट आणि वासाचं असेल तर काय करायचं ते वर लिहिलंच आहे. बाण सुटला की घड्याळ बघ आणि हरीण शेवटचं दिसलं ते झाड मनात पक्कं धर. खाली उतरल्यावर सगळी झाडं सारखीच दिसतात.

आता मचाण. इथे सगळे ट्री स्टँड म्हणतात, पण मला त्यावर बसलं की आजोबांच्या शेतातला माळाच आठवतो. जोंधळा हुरड्यात आला की आम्ही पोरं पहाटेपासून माळ्यावर गोफण घेऊन पाखरं राखायला बसायचो. चार मेढी, वर कडब्याचा थर. तिथून कुणी पडलं तर खाली मऊ काळी माती होती. इथे 18-20 फुटांवर झाडाला बांधलेली पत्र्याची बैठक असते आणि खाली मुळं, दगड. बाणांपेक्षा मचाणावरून पडूनच जास्त शिकारी जायबंदी होतात. त्यामुळे जमिनीवरून पाय उचलायच्या आधी हार्नेस, म्हणजे पडताना धरून ठेवणारे पट्टे, अंगात आणि झाडाला बांधलेल्या दोरात अडकवलेला. चढताना, बसताना, उतरताना, एक क्षणही सुटा राहायचं नाही. धनुष्य हातात घेऊन चढायचं नाही, वर बसल्यावर दोरीनं ओढून घ्यायचं. बाणांची पाती वस्तऱ्यासारखी असतात, ती झाकलेल्या भात्यातच राहू देत. हार्नेसशिवाय तू चढलास असं मला कळलं, तर त्या दिवसापासून माझ्या परवानगीच्या जागा तुला बंद. हे मी मनापासून लिहिते आहे.

आपल्या गल्लीतली हरणं माणसाला भीत नाहीत असं तुला वाटतं, कारण ती गवत कापायच्या यंत्राच्या आवाजातही बागेतली होस्टाची पानं खात उभी असतात. ती ओळखीच्या माणसाला भीत नाहीत. कचऱ्याचा डबा ओढणारा, कुत्रा फिरवणारा, अंगणात ओरडणारी मुलं, हे त्यांच्या हिशेबात बसतं. झाडीच्या मध्यात गुपचूप थांबलेला माणूस बसत नाही. आणि वास! संध्याकाळी हवा गार झाली की उतारावरून खाली ओढ्याकडे सरकते, सकाळी ऊन चढलं की वर जाते. तुझा वास त्या हवेबरोबर जातो. बेबी पावडरची छोटी बाटली खिशात ठेव, चिमूटभर उडवून बघ. वारा उलटा असेल तर घरी परत ये. एवढ्या लहान झाडीत एकदा तुझा वास लागला तर त्या माद्या आठवडाभर वाट बदलतात. मी एका जागी आठवड्यातून एकदाच बसते.

कोणती मारायची, हाही प्रश्न आहे. व्हिडिओंमधली ती मोठी शिंगं डोक्यातून काढून टाक. नर एक कमी झाला तर दुसरा त्याची जागा घेतो. मादी नोव्हेंबरात गाभण राहते, साडेसहा महिन्यांनी मे-जूनमध्ये व्याली की बहुधा जुळी पाडसं. संख्या आवरायची तर मादीच. आपल्या भागात काही वेळा नियमही आधी मादी, मग नर असाच असतो.

आणि आवरायची का, हे तुला आत्याला सांगावं लागेल, कारण ती विचारेलच. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आली, ती योग्यच होती; जंगलं तुटत होती, जनावरं संपत होती. इथे उलटं झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अख्ख्या अमेरिकेत ही पांढऱ्या शेपटीची हरणं अंदाजे पाच लाख उरली होती. जपली, वाढली, आज तीन कोटींच्या घरात आहेत. लांडगे आणि प्यूमा इथून केव्हाच गेले. पुढच्या वेळी आलास की आपल्या मागच्या झाडीत खाली वाकून बघ. कमरेच्या थोडं वरपर्यंत एकही हिरवं पान नाही, जणू कुणी कात्रीनं सरळ कापून काढलं आहे. मोठे ओक उभे आहेत, पण त्यांची पोरं एकही नाहीत. जमिनीवर फक्त काटेरी बार्बेरी आणि परदेशी गवत, जे हरणं खात नाहीत. ही ओकची झाडं गेल्यावर त्यांच्या जागी काय येणार? गोचिडीच्या लाइम रोगाचा दोष मात्र सरसकट हरणांवर घालू नकोस. त्याचे जंतू गोचिडींना मुख्यतः उंदरांकडून मिळतात. हरणांवर मोठ्या गोचिडी पोसल्या जातात, एवढंच. पण तूही झाडीतून आलास की रोज अंग तपासायचं, गुडघ्यांमागे आणि काखेत.

हरीण पडलं की त्याच दिवशी नोंद करायची. शेजाऱ्यांसमोरून उघडं ओढत न्यायचं नाही, ताडपत्रीत गुंडाळायचं. आतडी कुणाच्या आवारात टाकायची नाहीत, पिशवीत भरून न्यायची. मटण आपल्याला दोघांना एका हरणाचं पुष्कळ होतं. दुसरं मी ठरलेल्या खाटकाकडे देते, तिथून 'हंटर्स हेल्पिंग द हंग्री'मार्फत ते गरजूंच्या स्वयंपाकघरात जातं. पहिल्या हरणाचा रस्सा मात्र घरीच करू. चरबी सगळी काढायची, तिचाच उग्र वास येतो. कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि मंद आच.

राहिलं धनुष्य. नवं घेऊ नकोस. दुकानात जाऊन आधी हाताची ओढ, म्हणजे दोरी किती लांब ओढली जाते ते, मोजून घे, दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत जितके इंच होतील त्याला अडीचनं भाग, साधारण तेवढी. ओढायचं वजन 45 पौंडांच्या आसपास ठेव. खुर्चीवर बसून, पाय जमिनीवरून उचलून, धनुष्य आकाशाकडे न नेता सरळ ओढता आलं तर ते तुझ्या ताकदीचं. कंपाउंडच्या चाकांमुळे पूर्ण ओढल्यावर हातावर वजनाचा पाचवा भागच उरतो, पण तिथपर्यंत नेताना थंडीनं आखडलेल्या खांद्यांनी, हळू आणि आवाज न करता न्यावं लागतं. सरावाला जमिनीवरून झालं की डेकवरून खाली मार. त्याआधी टाउनशिपचा नियम विचारून घे. उंचावरून बाण वर जातो. हात खाली करायचा नाही, कमरेतून वाकायचं.

मागच्या पांढऱ्या ओकची फळं या आठवड्यात पडायला लागली आहेत. रात्री डेकवर बसलं की टपटप ऐकू येतात. शनिवारी दुपारी तीनपर्यंत ये. दुसरं मचाण मी शेजारच्या झाडाला बांधून ठेवलं आहे, हार्नेस तुझ्या मापाचा आहे. जाड मोजे आण. धनुष्य या वेळी दोघांनीही न्यायचं नाही.

तुझी,
आई