झिरो म्हणजे काहीच नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात पान ३ वर मोफत मॅमोग्राफी (म्हणजे कॅन्सर आहे का बघायला स्तनांचा एक्स-रे) व्हॅनची बातमी वाचली. फोटो भलामोठा छापलाय. स्टेजवरची माणसं मोजली, अकरा, अकराही पुरुष, आणि ज्यांची तपासणी झाली त्या बायका मागे मंडपाच्या खांबाला टेकून उभ्या. असो. स्कॅन सेंटरने गोरगरिबांसाठी गाडी पाठवली हे चांगलंच आहे, फुकट करणाऱ्याला नावं ठेवायला मी बसलेली नाही. पण गेल्या वर्षी अशीच एक गाडी आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या गावाला आली होती, त्याचं काय झालं ते ऐका.

महिला दिन होता. जाऊबाई ५२ वर्षांच्या, शेंगा फोडायच्या सोडून तीन तास रांगेत. एकेका बाजूचे दोन-दोन असे चार फोटो काढतात, मशीनमध्ये चांगलं दाबून धरतात, दुखलं पण बोलल्या नाहीत, फुकटचं आहे म्हणून. रिपोर्ट तीन आठवड्यांनी पोराच्या व्हॉट्सॲपवर आला, सगळा इंग्लिश, आणि शेवटी 'बाय-रॅड्स ०', म्हणजे मॅमोग्राफीच्या निकालाला देतात तो नंबर. पोरगं अकरावीला, ते म्हणालं, आई झिरो आलंय, म्हणजे काहीच नाही. जाऊबाईंनी शनिवारी मारुतीला नारळ फोडला!

गणपतीत त्या आमच्याकडे सांगोल्याला आल्या तेव्हा सहज तो मोबाईल आमच्या डॉक्टरांना दाखवला, तर ते म्हणाले अहो, झिरो म्हणजे तपासणी अर्धवट आहे, एवढ्या फोटोंवरून सांगता येत नाही, अजून फोटो किंवा सोनोग्राफी करा. सगळं नीट असेल तर १ लिहितात. आता हे त्या माउलीने कसं ओळखायचं? सहा महिने गेले होते. रिपोर्टवरच्या नंबरला मी स्वतः चार वेळा फोन केला, चौथ्यांदा एका मुलीने उचलला आणि म्हणाली मॅडम, आमच्या मेन सेंटरला या, पुढच्या तपासणीवर २० टक्के डिस्काउंट देतो. म्हणजे गाडी दारी आणि गाठ सापडली तर तुम्ही आमच्या दारी!

शेवटी पंढरपूरला सोनोग्राफी केली, पदरचे पैसे घालून. तिथल्या डॉक्टरांनी आधीचे फोटो मागितले तर फोटो कुठायत, आमच्याकडे नुसता कागद. नशीब, पाण्याची गाठ निघाली. पण ते दोन दिवस जाऊबाईंनी घास घेतला नाही.

तुमच्या बातमीत त्या सेंटरला 'दानशूर' म्हटलंय. वर्षाला ५ कोटींच्या वर नफा असला की कंपनीला २ टक्के समाजासाठी खर्च करावेच लागतात, २०१३ च्या कायद्यात आहे ते. कायद्याने करायचं त्याला दान म्हणायचं असेल तर मी पण घरपट्टी भरते, छापा माझा फोटो. आणि त्याच सेंटरची पाव पानाची जाहिरात पान ५ वर होती, तो योगायोग असेल असं धरून चालते.

सरकारच्या कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर ५ वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी असते, त्यात मशीन नाही, स्टेज नाही, पण उपकेंद्रातल्या सिस्टर मराठीत बोलतात आणि आशाताईला कुणाचं घर कुठे ते माहिती असतं. गाडीवाल्यांनी निघताना झिरोवाल्यांची यादी बायकांना विचारून या सिस्टर-आशाताईंकडे दिली असती तरी पुष्कळ झालं असतं, त्याला डिझेल पण लागत नाही.

पुढची गाडी येईल तेव्हा तुमच्या बातमीदाराला एवढंच विचारायला सांगा, मागच्या खेपेला किती जणींना झिरो आलं आणि त्यातल्या किती जणींना परत फोन गेला.

आपली,
एक वाचक, सांगोला

ता.क. मंगळवारच्या शब्दकोड्याचं उत्तर अजून छापलेलं नाही.