उजवीकडे ओढणारी गाडी

प्रिय मित्रा,

गेल्या आठवड्यात फोनवर तू विचारलंस, "झाली का रे गाडी?" आणि मी "चाललंय हळूहळू" म्हणून विषय बदलला. खरं म्हणजे गाडी त्याच्या आदल्याच दिवशी झाली होती. पण जे सांगायचं होतं ते फोनवर नीट आलं नसतं. तू मध्येच हसला असतास, मीही हसण्यावारी नेलं असतं. म्हणून लिहायला बसलोय. पत्र लांबेल. तुला सवय आहे.

बाबा गेल्यावर तूच म्हणाला होतास, भंगारात दे, जागा मोकळी होईल. तुझं चुकलं नव्हतं. शेडमध्ये सात वर्षं उभी असलेली गाडी म्हणजे पत्र्याचं उंदराचं घर. चारी टायर बसलेले, हौद्याच्या फळ्या कुजलेल्या, बोनेटखाली वायरी कुरतडून तांब्याच्या तारा उघड्या पडलेल्या. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा इतका खाल्लेला की खालची जमीन दिसायची. आणि हो, डॅशबोर्डच्या कप्प्यात चिठ्ठीबिठ्ठी काही सापडली नाही. एक वाळलेलं पेन, उंदराच्या लेंड्या आणि कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचं कापलेलं एक गॅस्केट, म्हणजे दोन भागांच्या सांध्यातून गळू नये म्हणून घालतात तो थर, एवढंच.

पुठ्ठ्याच्या त्या गॅस्केटपासूनच सगळं सुरू झालं म्हण ना. मला वाटायचं, बाबा म्हणजे मोठे मेकॅनिक. तुलाही वाटायचं. गाडी कुठेही बंद पडली की बाही सरसावून बोनेटखाली शिरायचे आणि पंधरा मिनिटांत सुरू करून दाखवायचे. आता एकेक भाग उघडत गेलो तसं कळत गेलं, की त्यांना गाडी 'सुरू करता' यायची, दुरुस्त करता यायची नाही. या दोन गोष्टींत किती अंतर असतं ते मला चौदा महिन्यांत नीट कळलं.

इंजिन जाम होतं. चावी फिरवून सेल्फ मारायचा मोह होतो, पण जाम इंजिनाला सेल्फ मारला तर आतलं काहीतरी मोडू शकतं. चारी प्लग काढले आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं निम्मं मिसळून ओतलं. हे मिश्रण गंजात शिरतं, पण शिरायला दिवस घेतं. आठवडाभर रोज संध्याकाळी जाऊन पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावायचा, पान्यावर लांब पाइप चढवायचा आणि हळूच जोर द्यायचा. एकदा पुढे, एकदा मागे. सहा दिवस काही नाही. सातव्या दिवशी केसभर हललं. आवाज नाही, काही नाही, फक्त हाताला कळलं. मी तिथेच खाली बसलो.

मग कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजलं. तीन सिलिंडर १२०, ११५, ११८ पौंड. चौथा ७०. आता हा दाब पिस्टनभोवतीच्या रिंगांतून जातोय की व्हॉल्व्हमधून, हे इंजिन न उघडता ओळखायची एक साधी युक्ती आहे. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं आणि पुन्हा मोजायचं. तेल रिंगांभोवती बसून फट बुजवतं. आकडा वाढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा. माझा ७० वरून १०५ वर गेला. म्हणजे रिंगा चिकटल्या होत्या. त्या सिलिंडरला आणखी एक आठवडा तेच औषध पाजलं. गाडी चालायला लागल्यावर तो आपसूक बराच सुधारला.

कार्बोरेटर उघडला तेव्हा मात्र बाबांवर वैतागलो. जुनं पेट्रोल सुकून आत पिवळा चिकट राप बसला होता, ते ठीकच. पण जेटचं, म्हणजे मापात पेट्रोल सोडणाऱ्या बारीक पितळी तोटीचं, भोक मोजलं तर त्यावर कोरलेल्या मापापेक्षा मोठं. बाबा तारेने साफ करायचे, आठवतंय? हौद्याच्या कडेला बसून, जेट उजेडात धरून, एक डोळा मिटून. आपण दोघं बघत उभे राहायचो. पितळ मऊ असतं रे. दर वेळी तार फिरली की भोक जरासं मोठं व्हायचं. गाडी पेट्रोल पिते म्हणून ते आयुष्यभर कुरकुरत राहिले, आणि पाजत तेच होते.

पण लगेच दुसऱ्या दिवशी प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर उघडला. झाकणाच्या आत, दोऱ्याने बांधून ठेवलेला काडेपेटीचा एक पुठ्ठ्याचा तुकडा. पॉइंटमधली फट लावायचं त्यांचं माप. माझ्याकडे फट मोजायच्या पट्ट्यांचा फीलर गेज होता, ०.४ मिलिमीटर लावायची होती. कुतूहल म्हणून तो पुठ्ठा मायक्रोमीटरमध्ये धरला. ०.४१. तेलाने काळा झालेला, कडा झिजलेल्या, आणि तरी ०.४१! फट मी त्याच पुठ्ठ्याने लावली आणि तो दोरा पुन्हा होता तसा बांधला.

असंच चाललं होतं सगळं. एक दिवस हसू, एक दिवस राग. चोकची मूठ म्हणजे टेबलाच्या खणाची मूठ. आरशाचा बोल्ट मापाचा नाही म्हणून त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. फाळक्याला त्यांनी स्वतः ब्रशने रंग दिलेला, त्यात ब्रशचे दोन केस अडकून वाळलेले, नखाला लागतात. बाकी सगळा जुना रंग मी पाणी मारून घासला. अशा रंगात शिसं असू शकतं, कोरडा घासला तर ती धूळ छातीत जाते. फाळक्याला मात्र पॉलिश पेपर लावला नाही. पेंटर म्हणाला, साहेब, नव्या गाडीला जुनं ठिगळ दिसेल. दिसू दे. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा कशी होती याच्याशी मला काही देणंघेणं नाही. तेव्हा ती आपली नव्हतीच.

टायर मात्र टाकावे लागले. त्यांच्यावर नक्षी चांगली जाड होती, म्हणून वाटलं चालतील. पण टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर २३११. म्हणजे २०११ सालचा तेविसावा आठवडा. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं, बाजूला बारीक चिरा पडलेल्या होत्या. बाबांनी घेतलेले शेवटचे टायर. तीन दिले, एक ठेवलाय. कशाला ठेवलाय ते विचारू नकोस.

आता ब्रेक. हेच सांगायला बसलोय.

ब्रेकचं काम मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण ते साधं वाटत होतं. ड्रम काढायचे, ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे लायनर बघायचे, रबरं बदलायची, नवीन ऑइल, हवा काढायची, संपलं. मागचं उजवं झालं. डावीकडचा ड्रम उघडला तर लायनर जवळजवळ नवे. आधी खूश झालो. मग वाटलं, एकाच एक्सलवर एक बाजू झिजून पार रिव्हेटला टेकलेली आणि दुसरी नवी, हे कसं? बॅटरी घेऊन खाली सरपटत गेलो. मागच्या एक्सलवर ब्रेकचा पाइप येतो आणि एका टीतून दोन्हीकडे फुटतो. डावीकडे जाणारा पाइप टीपासून चार बोटांवर तोडलेला होता. टोक हातोडीने चपटं केलेलं, एकदा दुमडलेलं, पुन्हा ठोकलेलं. हातोडीच्या घावांचे ठसे मोजता येत होते. पाच.

मी किती वेळ तिथे पाठीवर पडून होतो सांगता येणार नाही. हे का केलं ते लगेच कळलं. त्या जुन्या गाड्यांना एकच सर्किट असतं. एका चाकाचा व्हील सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर ढकलणारा भाग, गळायला लागला की चारी चाकांचं ऑइल तिथूनच जातं आणि पेडल थेट तळाला. सिलिंडर मिळाला नसेल, किंवा घाई असेल, किंवा आणखी काही. म्हणून ते चाकच तोडून टाकलं. तीन तरी राहिली. तात्पुरतं म्हणून केलं असेल. लायनरवरून आणि पाइपाच्या गंजावरून सांगतो, ते 'तात्पुरतं' निदान पंधरा वर्षं चाललं.

आणि त्या पंधरा वर्षांत त्या हौद्यात कोण बसायचं? तू आणि मी.

आता तुला आठवेल. ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढायची. किंचित, पण दर वेळी. आपण विचारलं की बाबा म्हणायचे, "तिला उजवीकडे बघायची खोड आहे." आपण हसायचो. पुढे आपल्याला चालवायला शिकवली तेव्हाही पहिला धडा तोच: ब्रेकवर पाय गेला की स्टिअरिंग बोटभर डावीकडे. क्लच नंतर, आरसा नंतर, आधी हे. मला वाटायचं सगळ्या गाड्यांना असंच करतात. तूही एकदा दुसऱ्याची गाडी चालवताना कडेच्या कुंपणाला घासून आला होतास आणि मी तुला महिनाभर चिडवलं होतं. त्याबद्दल आज माफी मागतो. दोष तुझा नव्हता.

त्या रात्री जेवताना मी आईशी बोललो नाही. मेलेल्या माणसावर रागावायची मोठी पंचाईत असते. ओरडायचं कुणावर? मनात सारखं येत होतं, एखादं पोरगं रस्त्यात आडवं आलं असतं तर? राग अजून पुरता गेलेला नाही. जाईल असंही वाटत नाही.

सगळे पाइप नवे टाकले. साधा तांब्याचा पाइप ब्रेकला चालत नाही, हादऱ्यांनी तडकतो. निकेल मिसळलेला घेतला, प्रत्येक तोंड दुहेरी दुमडून बसवलं. ऑइलही अर्थात नवं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ हा त्याचा नेहमीचा प्रकार कोरडा असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी शिरलं की १४० च्या आसपासच. मग लांब उतारावर तापून त्याची वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं दबतं.

हवा काढायला दोघं लागतात. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली चाकापाशी हवा सोडायचा निपल उघडायचा. घरात आईच होती. बाबांच्या जागेवर ती आयुष्यात पहिल्यांदा बसली. पाय पोचेना, पाठीला उशी दिली. पेडल दाबलं की ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी घेतात. म्हणजे तेच, मागचं डावं. मी खालून ओरडायचो, "दाब... धर... सोड." निपलला लावलेल्या नळीतून बाटलीत बुडबुडे यायचे. मग बुडबुडे बारीक झाले, मग थांबले. दहाव्या-बाराव्या वेळी आई वरून म्हणाली, "हे चाक ना? मला ठाऊक होतं."

मी निपल बंद केला आणि तसाच पडून राहिलो. ती पेडलवर पाय ठेवूनच बोलत होती. "उतार आला की ते गिअर खाली टाकायचे, ब्रेक कमी लागावा म्हणून. दुसरा, कधी पहिला. तुम्ही पोरं मागून ओरडायचात, पळवा की, पळवा की. त्यांना दरदरून घाम फुटलेला असायचा. शर्ट पाठीला चिकटायचा सीटवर. तुम्हाला वाटायचं पेट्रोल वाचवतायत." मग थोड्या वेळाने, "सोडू का पाय?"

"सोड," म्हणालो.

आपण त्यांना काय म्हणायचो ते तुला आठवतंय. बैलगाडी. तू तर हौद्यातून 'हुर्रर्र' करायचास.

दोन दिवसांनी गाडी बाहेर काढली. आधी शेडसमोर मागेपुढे केली, मग मोकळ्या सरळ रस्त्यावर नेली. तिसरा गिअर, वेग चाळीस. आरशात कुणी नाही. ब्रेक दाबला. चारी चाकं सारखी धरली, गाडी नाकासमोर सरळ थांबायला गेली आणि मी तिला डावीकडच्या चरात घातली. पुढचं चाक चिखलात. बंपर जरा वाकलाय. हाताने आपणहून स्टिअरिंग बोटभर वळवलं होतं. मी काहीच केलं नव्हतं, शपथ.

आज आठ दिवस रोज चालवतोय. अजून होतं. चरात जात नाही आता, पण ब्रेकवर पाय गेला की मनगट हलतं आणि मी ते परत आणतो.

तू इतकी वर्षं नव्या गाड्या चालवतोयस. तुझा हात अजून जातो का रे डावीकडे? एकदा बघ आणि कळव. किंवा सरळ ये, किल्ली देतो.

तुझाच,
हुर्रर्र ऐकून तुझ्याबरोबर हसणारा