कॅलेंडरमध्ये पेजेची वेळ हवी

मा. संपादक,
स. न.

मार्च २०२० मध्ये लॅपटॉप घेऊन पुण्याहून घरी आले ती दोन आठवड्यांसाठी म्हणून, आणि तेव्हापासून इथेच आहे, फोंडा तालुक्यात, आईबाबांच्या घरी. कंपनीने नंतर ऑफिसची जागाच कमी केली आणि आमची टीम कायमची घरून काम करायला लागली. याबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट घरचं जेवण मिळतं, आईबाबांजवळ राहता येतं, चवथीला सुट्टीसाठी हातापाया पडावं लागत नाही. पण मागच्या वर्षी माझं जे झालं ते लिहावंसं वाटतं, कारण माझ्यासारखी मुलं-मुली आता गावागावात आहेत आणि शेजारपाजारचे म्हणतात, घरात बसून काम म्हणजे काय, आरामच की.

झालं असं की बसल्या जागी डावा पाय सुन्न व्हायला लागला, उठताना कंबर धरून उभं राहायला लागायचं, मग डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं तर एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर, ६.५ झालं की डायबेटिसच. वय ३६. आमच्या घरात आजोबांना नाही, बाबांना नाही, मला कुठून आलं हा प्रश्न पडला. पण आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, २०२३ मध्ये आलेला मोठा अभ्यास बघितला तर देशात डायबेटिसचं प्रमाण ११.४ टक्के आणि आपल्या गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत वर. म्हणजे चार माणसांत एक. हे वाचून मला रात्रभर झोप लागली नाही.

मग मी फोनमधली पावलं बघायला घेतली. कामाच्या दिवशी हजार, अकराशे, एखाद्या दिवशी तर आठशे. पुण्यात मी काही जिमला जात नव्हते, पण फ्लॅटपासून बसस्टॉप, बसमध्ये उभं राहणं, ऑफिसचे दोन जिने, कँटीन, परत सगळं उलटं, हे सगळं न मोजता व्हायचं आणि त्याला व्यायाम म्हणावं असं कधी मनातही आलं नाही. घरी आल्यावर तेच गेलं. बेडरूम ते टेबल बारा पावलं, टेबल ते स्वैपाकघर अठरा.

याच्यावर एक जुना अभ्यास आहे तो मला फार पटला. १९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने लंडनच्या डबलडेकर बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना केली. बस तीच, रस्ते तेच, पण दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी आणि बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. आपल्याकडे बसच्या दारात उभा राहून पणजी पणजी ओरडणारा, तिकिटं फाडत मागेपुढे करणारा कंडक्टर बघितला की मला आता तेच आठवतं. घरून काम करणारे आम्ही सगळे त्या ड्रायव्हरच्या सीटवर बसलोय, आणि ड्रायव्हरला निदान शेवटच्या स्टॉपला उतरायला मिळतं.

सुरुवातीला मी पण तेच केलं जे सगळे करतात, सकाळी उठून एक तास व्यायाम करीन म्हणून ठरवलं, आठ दिवस केलं, मग सकाळी सातचा कॉल आला आणि सुटलं. आणि एक तास केला तरी बाकीचे दहा तास खुर्चीतच की. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, दोन दिवस स्नायूंना ताकद येईल असं काहीतरी, पण त्याबरोबर बसणं कमी करा असंही सांगितलंय, ते कोण वाचत नाही. डॉक्टरांनीही मला तेच सांगितलं, की दर अर्ध्या पाऊण तासाने उठ, दोन मिनिटं का असेना.

पण उठायचं कसं, कोणी उठूच देत नाही. एक मीटिंग संपते तिथे दुसरी चिकटलेली. तेव्हा मला आजीची आठवण झाली. आमचं कुळागर आहे लहानसं, माडा-पोफळींचं, आजोबा पहाटे शिंपायला जायचे आणि साडेदहाला आजी त्यांच्यासाठी पेज घेऊन जायची. पेज, खारातली तोर म्हणजे मिठातली कैरी, कालची आटवलेली कडी, कधी भाजलेला सुका बांगडा. ती वेळ कोणी चुकवत नसे, काम कितीही असो, कामाला आलेली माणसंसुद्धा हातपाय धुवून माडाखाली बसायची. त्यांचं उलटं होतं, ते राबून थकायचे म्हणून बसायचे, आम्ही बसून थकतो म्हणून उठायला पाहिजे, पण कामाच्या मध्ये एक ठरलेली वेळ असते आणि ती कोणाला विचारून घ्यायची नसते ही अक्कल तेव्हा होती.

म्हणून मी ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये रोज १०.३० ते १०.४५ अडवून ठेवले आणि त्याला नाव दिलं पेज. टीम लीडने विचारलं हे काय आहे, मी सगळं समजावून सांगितलं, माझा रिपोर्टही सांगितला. तो गप्प राहिला आणि दुसऱ्या दिवसापासून त्या वेळेत मीटिंग लावणं बंद केलं. आता नागपूरच्या आणि नाशिकच्या दोघांच्या कॅलेंडरवरही पेज लिहिलेलं असतं.

त्या पंधरा मिनिटांत मी विहिरीवर जाते. मोटर बसवलेली आहे, टाकी बटणावर भरते, पण जुनी कप्पी अजून शाबूत होती, बाबांनी तेल घातलं, नवी दोरी आणली. रोज सहा कळशा ओढते आणि तुळस, अबोली, मोगरा यांना घालते. पहिल्या आठवड्यात तळहात लाल झाले, दोरी ओली झाली की निसटायची. पण कळशी वर येताना दोन खांद्यांच्या मध्ये, पाठीत, जे काही ओढलं जातं ना, ते दिवसभर टाइप करून पुढे वाकलेल्या पाठीला इतकं बरं वाटतं की काय सांगू. टायपिंग करताना खांदे पुढे जातात आणि दोरी ओढताना मागे येतात, साधं गणित आहे, पण मला ते विहिरीच्या काठावर कळलं.

दुपारचं वेगळं. आपल्याकडे एक ते चार दुकानं बंद, सगळं गाव आडवं होतं, शीत आणि हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, जेवून आजोबा पण झोपायचे, पण ते पहाटेपासून राबलेले असायचे. मी तेच जेवण तेवढंच जेवून थेट दोनच्या मीटिंगला बसायचे. आता भात कमी केलाय आणि जेवल्यावर राजांगणाभोवती, म्हणजे घराच्या मधल्या चौकाभोवती, दहा-बारा मिनिटं फेऱ्या मारते, बाहेर ऊन असतं म्हणून आतच. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून जेवल्यानंतरचं चालणं साखरेला जास्त लागू पडतं. ज्या कॉलला नुसतं ऐकायचं असतं तो मी उभ्याने घेते.

टेबलाचं पण सांगते कारण खर्चाच्या भीतीने लोक ते करत नाहीत. लॅपटॉपखाली जेवायला बसायचे दोन पाट ठेवलेत, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या उंचीला आली, कीबोर्ड वेगळा घेतला साधाच, कोपर काटकोनात राहतो, मान दुखायची बंद झाली. डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघायचं असतं, माझ्या खिडकीतून फणस बरोबर तेवढ्यावर आहे.

हे सगळं घरातलं झालं, ते ज्याचं त्याने करावं. पण संध्याकाळी चालायला जायचं कुठे, हे एकट्याने सुटत नाही, आणि पत्र लिहायचं खरं कारण तेच आहे. आमच्या गावचा रस्ता अरुंद, फुटपाथ नाहीच, गटाराच्या कडेने चालावं तर भाड्याच्या गाड्या सुसाट, पाच खांबांतले दोन दिवे लागतात, आणि कुत्र्यांची टोळी. डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधार पडतो आणि आमचं काम सुटतं सातला, मुली तर बाहेर पडतच नाहीत. पावसाळ्यात शंभर इंचांवर पाऊस, चार महिने तसेच जातात. पणजीत लोकांना मिरामार आहे, कांपाल आहे, चांगली गोष्ट आहे, गावात काय आहे? २०२३ मध्ये आपण नॅशनल गेम्स केल्या, देशभरातले खेळाडू आले, मला अभिमान वाटला, पण आमच्या वाड्यावरच्या बाईला अर्धा किलोमीटर उजेडातला रस्ता मिळाला असता तर तिची साखर उतरली असती.

मागच्या श्रावणात देवळाच्या कमिटीला विचारून आम्ही सहाजणी सभामंडपात फुगडी घालायला लागलो, आठवड्यातून दोनदा, आठ वाजता, आरतीनंतर. त्यातल्या तिघी माझ्यासारख्याच घरून काम करणाऱ्या. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत धाप लागली, आईला साठीत आमच्यापेक्षा जास्त वेळ जमली. चवथीपर्यंत वीस मिनिटं सलग घालायला लागलो. आठ महिन्यांनी माझं एचबीएवनसी ५.८ आलं, अजून पूर्ण उतरलेलं नाही, पण पाय सुन्न होत नाही.

कंपन्यांनाही एक सांगायचंय. १९४८ चा फॅक्टरी ॲक्ट म्हणायचा की कामगाराला सलग पाच तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, मध्ये अर्धा तास तरी विश्रांती द्यायची. तो कायदा कारखान्यांचा होता, पण घरी बसलेल्या माणसाचं शरीर काय वेगळं असतं का, निदान दुपारी एक ते दोन या वेळेत मीटिंग लावू नका एवढं तरी करा.

येत्या रविवारच्या ग्रामसभेत आम्ही अर्ज देणार आहोत. बंद दिवे लावा, रस्त्याच्या एका बाजूला पांढरी रेघ मारून चालणाऱ्यांसाठी पट्टा सोडा, आणि प्राथमिक शाळेचं मैदान संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ उघडं ठेवा, पावसाळ्यात पंचायतीचा हॉल. किल्ली सांभाळायला आम्ही आळीपाळीने तयार आहोत, झाडूही मारू. दुसऱ्या कुठल्या गावात हे आधीच झालं असेल तर कसं केलं, पंचायतीने काय अट घातली, ते कृपा करून तुमच्या पेपरातून कळवा, आम्हाला अर्जात लिहायला उपयोगी पडेल.

आपली,
एक वाचक, फोंडा तालुका