एस्प्लनेड मॅन्शन: खांबनिहाय मोजणी जाहीर करा

संपादक महोदय,

मुंबईत काळा घोड्याजवळच्या एस्प्लनेड मॅन्शनचा, म्हणजे पूर्वीच्या वॉटसन हॉटेलचा, विषय निघाला की ‘इथे लुमिएर बंधूंच्या सिनेमाचा भारतातला पहिला खेळ झाला, ७ जुलै १८९६’ एवढ्यावर बोलणे संपते. इमारत पाडावी की राखावी हे ठरवताना या तारखेचा काडीचा उपयोग नाही. तिथे बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, खांबांची अवस्था पाहावी लागते.

जॉन वॉटसन मुळात कापडव्यापारी. या जागेवर त्याला आधी कापडाचे दालन आणि कचेरी थाटायची होती, हॉटेलचा विचार नंतरचा. दालन मोकळे हवे, मधे जाड भिंती नकोत, या गरजेला लोखंडी सांगाडा सोयीचाच. आराखडा इंग्लिश अभियंता रोलंड मेसन ऑर्डिशचा. सुटे भाग इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणले आणि १८६७ ते १८६९ दरम्यान इथे जोडले. हॉटेल १८७१मध्ये सुरू झाले, पुढे कारभार मुलांकडे गेला.

या इमारतीच्या विटांच्या भिंती भार घेत नाहीत, त्यांचेही ओझे सांगाडाच पेलतो. त्यामुळे भिंतीला तडा दिसला म्हणून इमारत गेली असे होत नाही. उलट भिंत धड दिसत असताना आतला सांधा कुजलेला असू शकतो, आणि तेच जास्त धोक्याचे. बीड दाबाला भक्कम, ताणाला कच्चे. ते वाकून इशारा देत नाही, थेट तडकते. घडीव लोखंडाच्या तुळया पापुद्र्यांनी गंजतात, गंज फुगतो आणि भोवतालच्या विटा ढकलतो. पाणी मुरते ते बहुतेक तुळईचे टोक भिंतीत शिरते तिथे. त्यावर कोणी सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच कोंडते. पोटमाळे, टाक्या, मोऱ्या वाढत गेल्या की भारही वाढतो आणि गळतीही.

२००५मध्ये दर्शनी बाजूचे सज्जे कोसळून एकाचा जीव गेला. २०१९मध्ये भाडेकरूंना बाहेर काढले, आयआयटी मुंबईच्या अहवालाने पाडण्याची शिफारस केली. लोक बाहेर काढले हे योग्यच झाले. पण एवढ्या सांगाड्याचा निकाल एका सरसकट शेऱ्याने लावू नये.

त्या काळचे बिडाचे खांब बहुधा पोकळ असतात. ओतताना साच्यातला गाभा सरकला तर एका अंगाला जाडी कमी भरते. म्हणून एकाच जागी मोजून भागत नाही. प्रत्येक खांबाची जाडी चारही बाजूंनी अल्ट्रासॉनिक यंत्राने घ्यायची, शंका वाटेल तिथे लहान भोक पाडून खात्री करायची. तडकलेल्या बिडावर साधे वेल्डिंग तर मुळीच करू नये, उष्णतेने शेजारी नवा तडा जातो. तिथे थंड पद्धतीने, भोके पाडून धातूचे टाके घालतात. कुजलेल्या तुळईला बाजूने पोलादी तुळई देता येते, मात्र त्याआधी खालून टेकू लावून भार उतरवायला हवा.

ही ‘दोन-अ’ श्रेणीची वारसा वास्तू आहे. खांबनिहाय आणि सांधेनिहाय मोजणीचा तक्ता, आकड्यांसह, संबंधित यंत्रणांनी जाहीर करावा आणि आपल्या वृत्तपत्राने तो मागून छापावा, ही विनंती.

— एक वाचक, गिरगाव