दस्ता घासून आणि चिठ्ठी हरवून पाठवलेल्या के-३१ रायफलीबद्दल तक्रार

पिट्सबर्ग, पेन्सिल्व्हेनिया
दि. १४ ऑक्टोबर

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

विषय : १९४३ सालची स्विस के-३१ रायफल वर्णनाप्रमाणे न मिळाल्याबद्दल, आणि पूर्ण रक्कम परत मिळण्याबद्दल

सप्रेम नमस्कार.

गेल्या गुरुवारी फोनवर बोलता बोलता आपण मूळच्या अकोल्याच्या निघालात आणि म्हणालात, "इंग्रजी मेल वर्कशॉपकडे जातात आणि तिथेच मुरतात. तुम्ही मराठीत सविस्तर लिहा, मी स्वतः वर बोलते." म्हणून हे पत्र. पावती आणि बावीस फोटो सोबत जोडले आहेत. आधीच्या तीन इंग्रजी मेलच्या प्रतीही आहेत, पण त्या वाचायची तसदी घेतली नाहीत तरी चालेल, सगळं इथे आलं आहे.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्या वेबसाइटवर ही रायफल विक्रीला होती. वर्णन असं होतं : सर्व क्रमांक जुळणारे, अक्रोडाचा मूळ दस्ता, लाकडाला कुणीही हात लावलेला नाही, बटप्लेटखाली (दस्त्याच्या मागच्या टोकाच्या लोखंडी पट्टीखाली) सैनिकाची चिठ्ठी जागेवर. चिठ्ठीचा स्वतंत्र फोटोही होता. किंमत ८२५ डॉलर, तीच रायफल माझ्यासाठी राखून ठेवायचे ५० आणि पाठवणावळ ४५, असे ९२० डॉलर मी त्याच दिवशी भरले. माझ्याकडे जुन्या शस्त्रांच्या संग्राहकाचा परवाना आहे, त्यामुळे ती थेट घरी आली.

खोकं उघडलं तेव्हा आधी वास आला. वॉर्निशचा. ऐंशी वर्षांच्या लाकडाला नव्या कपाटासारखा वास येत नाही हो. कागद बाजूला केला तर दस्ता ट्यूबलाइटखाली चकाकत होता. फोटोत जो काळपट तपकिरी, टोकाकडे जवळजवळ काळा पडलेला दस्ता होता, तो जाऊन मधासारखा पिवळट काहीतरी आलं होतं. आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाची रायफल आली. क्रमांक पाहिला तर तोच.

दस्ता घासलाच नाही, "फक्त पुसला" असं आपल्या वर्कशॉपचं म्हणणं आहे. त्यांना एवढंच सांगा, की बटप्लेटच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवून बघा. कारखान्यातून निघालेल्या रायफलीत लोखंड आणि लाकूड एका पातळीत असतं, नख अडत नाही. इथे लोखंडाची कड लाकडाच्या वर उभी आहे आणि नख चक्क अडकतं. नळी आणि दस्ता एकत्र धरून ठेवणाऱ्या लोखंडी बँडपाशीही तेच. लाकूड पुसून झिजत नाही, पॉलिश पेपरनं झिजतं. फोटो ७ ते ११ त्याचेच आहेत.

फोटोतल्या दस्त्याच्या खालच्या भागात लहान लहान खड्डे होते, कुणीतरी कुरतडल्यासारखे. इथले संग्राहक त्याला थट्टेनं बीव्हरनं (झाडं कुरतडणाऱ्या प्राण्यानं) चावलेला दस्ता म्हणतात. ओला बर्फ, बुटांच्या तळाचे खिळे, जमिनीवर टेकवून उभी केलेली रायफल, असं सगळं त्यात असतं. विकणाऱ्याला ती खोट वाटते. मी ते खड्डे बघूनच ऑर्डर दिली होती. आता तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे, वर वॉर्निश.

मग मी बटप्लेट काढली. दोन स्क्रू आहेत, दोघांच्याही खाचा चुकीच्या स्क्रू ड्रायव्हरनं फाकलेल्या, वरच्याच्या कडा ताज्या धातूसारख्या चमकत होत्या. आत चिठ्ठी नव्हती. तिच्या जागी लाकडावर एक फिकट चौकोन होता, चिठ्ठीच्याच मापाचा. भिंतीवरचा जुना फोटो काढल्यावर राहतो ना, तसा. खालच्या स्क्रूच्या भोकात वॉर्निशचा ओघळ सुकला होता आणि त्यात लाकडाचा भुसा चिकटलेला होता.

ही चिठ्ठी म्हणजे काय ते वर्कशॉपमध्ये बहुधा कुणाला ठाऊक नसावं, म्हणून थोडं सांगतो. स्वित्झर्लंडचं सैन्य नागरिकांचं. प्रशिक्षण झालं की सैनिक रायफल घेऊन घरी जायचा, ती त्याच्याच घरी असायची. छावणीत शेकडो सारख्या रायफली एकत्र आल्यावर आपली कोणती हे कळावं म्हणून एका कागदावर नाव, तुकडी, कधी जन्मसाल, कधी गावचा पत्ता लिहून तो कागद बटप्लेटखाली ठेवायचे. सेवा संपताना रायफल स्वतःकडे ठेवली तर तिच्यावर खासगी मालकीचा 'पी' ठोकला जायचा. माझ्या रायफलीवर तो नाही, म्हणजे ती सैन्याकडे परत गेली आणि तिथून सरप्लसमध्ये, म्हणजे सैन्यानं विकायला काढलेल्या जुन्या मालात आली. वेबसाइटवरच्या फोटोतली चिठ्ठी टाइप केलेली होती. जन्मसाल १९२६, गाव ग्राउब्युंडेन कँटनमधलं (तिथल्या एका प्रांतातलं). नाव मी इथे लिहीत नाही. बर्न इथल्या सरकारी कारखान्यात १९५८ पर्यंत या रायफली बनत होत्या, एकूण पाच लाखांहून जास्त. एवढ्यांतून ही एक एका माणसाची होती हे सांगणारा तो कागद होता. अशा पत्त्यांवर पत्रं पाठवून म्हाताऱ्या सैनिकांकडून उत्तरं आलेले संग्राहक आहेत. हा माणूस हयात असेल अशी आशा मी धरली नव्हती, पण गावाला एक पत्र टाकायचं ठरवलं होतं.

रायफल १९४३ ची आहे. तेव्हा स्वित्झर्लंडच्या चारही बाजूंनी जर्मनी-इटलीचं सैन्य होतं आणि स्विस सेनापती जनरल गिझाँनी आपलं सैन्य आल्प्सच्या गाभ्यात नेलं होतं. चिठ्ठी बहुतेक वेळा शेवटच्या सैनिकाची असते, हे मला माहीत आहे. १९२६ चा मुलगा १९४३ मध्ये सतरा वर्षांचा, म्हणजे त्याच्या आधी ही रायफल आणखी कुणाच्या तरी खांद्यावर होती. तो पहिला माणूस दस्त्यावरच्या काळ्या डागांत होता. तेही घासून काढलेत.

आपल्या वर्कशॉपच्या प्रमुखांनी लिहिलं आहे की "बहुतेक ग्राहकांना स्वच्छ लाकूड आवडतं, ही आम्ही मोफत देत असलेली सेवा आहे." आपल्याकडे महाराष्ट्रात शिवराई चिंचेनं घासून लखलखीत करून बाजारात आणणारे असतात. जाणकार नुसता हातात घेऊन खाली ठेवतो. त्या नाण्यानं तीनशे वर्षांत अंगावर चढवलेला थर दहा मिनिटांत जातो आणि पुन्हा येत नाही. ती सेवा मोफत असली तरी तिची किंमत ग्राहकच मोजतो.

हे मी उंटावरून शेळ्या हाकत लिहीत नाही. माझी पहिली के-३१ मी २००६ साली घेतली, तेव्हा त्या शंभर-सव्वाशे डॉलरला पडून असायच्या, कुणी विचारत नव्हतं. मीच ती गॅरेजमध्ये बसून एका शनिवारी घासली आणि बायकोला कौतुकानं दाखवली. ती अजून आहे माझ्याकडे. कधी विकली तर वर्णनात 'घासलेली' हा शब्द पहिला लिहीन. नेमकी तीच चूक भरून काढायला ही दुसरी घेतली होती.

खरं तर या लाकडाला फार काही लागत नाही. कोरड्या कापडानं पुसायचं, फारच कोरडं दिसलं तर कच्च्या जवसाच्या तेलाचा पुसट हात. जवसाचं तेल आपल्याला मी काय सांगणार, आपल्याकडचं पीक. लोखंडाला पातळ तेल, खोलीत दमटपणा पन्नास टक्क्यांच्या आसपास, आणि चामड्याच्या किंवा फोमच्या पेटीत कायमची ठेवायची नाही, कारण ते ओल धरून बसतं. त्यावरून आठवलं, आपण ती फोममध्येच गुंडाळून पाठवली होती. नळीच्या तोंडाशी खोकं फाटलेलं होतं. असो, त्यानं नुकसान झालं नाही.

जे चांगलं आहे तेही सांगतो. नळी आतून आरशासारखी आहे, गोळी आत सरकवायचा बोल्ट सरळ मागे ओढला की घड्याळासारखा चालतो, बोल्ट आणि मॅगझिनचे क्रमांक जुळतात. आयातदाराचा शिक्का नळीवर आहे, तो कायद्यानंच लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण निव्वळ चांगल्या नळीची, घासलेल्या दस्त्याची के-३१ मला गावातच कमी पैशांत मिळत होती. वरचे पैसे मी 'हात न लावलेली' आणि 'चिठ्ठी जागेवर' या शब्दांचे दिले.

आपण आतापर्यंत दोन गोष्टी देऊ केल्यात. एक, पुढच्या खरेदीवर ४० डॉलरची सूट. पुढची खरेदी मी कोणत्या भरवशावर करू? दोन, रायफल परत घ्यायची पण १५ टक्के, म्हणजे १२३ डॉलर ७५ सेंट, कापून. ही कपात ग्राहकाचं मन बदललं तर लागू होते, असं आपल्याच नियमात लिहिलं आहे. माझं मन बदललेलं नाही. माल बदलला आहे. शिवाय हे चपला बदलून आणण्यासारखं नाही, माझ्या परवान्याच्या नोंदवहीत ती चढवलेली आहे, परत पाठवताना रीतसर उतरवावी लागेल.

तेव्हा माझं म्हणणं असं. आधी वर्कशॉपमध्ये चिठ्ठी शोधावी. ज्यानं दस्ता घासला त्याच्या बाकाखाली, ड्रॉवरमध्ये, स्क्रूच्या डब्यात, जिथे असेल तिथे. इतर रायफलींच्या चिठ्ठ्यांत मिसळली असेल तर फोटो माझ्याकडे आहे, ओळखायला अडचण नाही. ती सापडून तिच्यासकट ३५० डॉलर परत आले, तर दस्ता गेला असं समजून मी रायफल ठेवून घेईन. चिठ्ठी नाहीच सापडली तर पूर्ण ९२० डॉलर आणि परतीची पाठवणावळ आपल्याकडून, कपात न करता. आणि विक्रीला लावलेली वस्तू फोटो काढल्यानंतर घासली जाणार असेल, तर तसं वर्णनातच लिहावं, म्हणजे पुढचा माणूस फसणार नाही.

३१ ऑक्टोबरपर्यंत लेखी उत्तर आलं नाही तर मी क्रेडिट कार्ड कंपनीकडे पैसे परत मागण्याचा अर्ज करीन आणि पेन्सिल्व्हेनियाच्या अॅटर्नी जनरलच्या ग्राहक विभागात तक्रार नोंदवीन. आपल्यावर व्यक्तिशः राग नाही. आतापर्यंत आपण एकट्याच आहात ज्यांनी चिठ्ठीचा फोटो उघडून पाहिला.

रायफल कपाटात आहे, बटप्लेट काढलेली तशीच. तिचे स्क्रू एका वाटीत बाजूला ठेवले आहेत. आपलं उत्तर येईपर्यंत बसवणार नाही.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत : पावतीची प्रत, वेबसाइटवरच्या मूळ वर्णनाची छापील प्रत, फोटो १ ते २२, आधीच्या तीन मेल