फ्रॅजाइल एक्स : तुटवडा नव्हे, ब्रेक निकामी

महोदय,

फ्रॅजाइल एक्स या बौद्धिक वाढ खुंटवणाऱ्या आनुवंशिक विकारावरील आपल्या लेखात, तो असलेल्या मुलांच्या मेंदूत ‘प्रथिनांचा तुटवडा’ असतो, असे म्हटले आहे. प्रकार नेमका उलटा आहे. तुटवडा असतो तो एफएमआरपी या एकाच प्रथिनाचा, आणि ते नसल्यामुळे चेतासंधींपाशी (दोन चेतापेशी जिथे जोडल्या जातात तिथे) इतर अनेक प्रथिने गरजेपेक्षा जास्त तयार होतात. (खाण्यातल्या प्रथिनांचा इथे काही संबंध नाही. पालकांनी कृपया पावडरचे डबे आणू नयेत.)

प्रथिने केंद्रकाजवळ बनतात आणि तिथून सगळीकडे जातात, ही शाळेतली आकृती चेतापेशीला पुरत नाही. एका पेशीवर हजारो चेतासंधी असतात, आणि बदल मात्र त्यातल्या मोजक्यांतच व्हायला हवा. म्हणून पेशी मेसेंजर आरएनएच्या, म्हणजे प्रथिन बनवण्याच्या सूचनांच्या, प्रती गुंडाळून डेंड्राइटच्या, म्हणजे संदेश घेणाऱ्या, लांब फांद्यांत आधीच नेऊन ठेवते. संदेश आला की तिथलेच रायबोसोम (प्रथिने बनवणारी यंत्रे) त्या वाचतात. 1982 मध्ये स्ट्यूअर्ड आणि लेव्ही या संशोधकांना उंदरांच्या मेंदूत डेंड्राइटच्या काट्यांच्या अगदी बुडाशी रायबोसोमचे पुंजके दिसले. 1996 मध्ये कांग आणि शुमन यांनी हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागाच्या जिवंत कापात पेशींचा मुख्य भाग आणि डेंड्राइट यांच्यामध्ये सुरी फिरवली. तरीही बीडीएनएफ हे चेतापेशींना चालना देणारे प्रथिन दिल्यावर चेतासंधी बळकट झाल्या, आणि प्रथिननिर्मिती रोखणारे औषध घालताच तो परिणाम गेला. 2012 मध्ये शुमन यांच्याच गटाने हिप्पोकॅम्पसमधल्या डेंड्राइटच्या थरात 2,550 प्रकारचे मेसेंजर आरएनए मोजले. त्याच थरात ग्लिया (चेतापेशींना आधार देणाऱ्या) पेशी आणि रक्तवाहिन्याही असतात. त्यांचे आरएनए वगळले नाहीत तर आकडा फुगतो. अशा संशोधनाच्या बातम्या देताना हे वगळले आहेत का, ते जरूर पाहावे.

एफएमआरपी या आरएनएंवर बसून रायबोसोमना थोपवते आणि संदेश आला की पकड सैल करते. ते नसले की ब्रेकच उरत नाही. चेतासंधीवर संदेश झेलून ही प्रथिननिर्मिती सुरू करणाऱ्या एमग्लूआर-5 या ग्राहकाचा जोर कमी करून उंदरांत बरीच सुधारणा दिसली होती, पण त्याच तत्त्वावरचे माव्होग्लुरंट हे औषध माणसांवरील चाचण्यांत टिकले नाही आणि 2014 मध्ये फ्रॅजाइल एक्ससाठी त्याचे काम थांबले. तेव्हा लेखातला ‘लवकरच रामबाण औषध’ हा सूर घाईचा वाटतो.

लेखात सर्वांत खटकली ती ‘क्रोमोसोमची तपासणी करून घ्या’ ही सूचना. साध्या कॅरिओटाइपमध्ये (क्रोमोसोमच्या चित्रात) हा दोष नजरेतून सुटतो आणि जनुकांचे प्रथिन बनवणारे भाग वाचणाऱ्या एक्झोम चाचणीवरही विसंबता येत नाही, कारण मोजायची असते ती एफएमआरपी बनवणाऱ्या एफएमआर-1 जनुकातल्या सीजीजी या तीन डीएनए-अक्षरांची पुनरावृत्ती. 45 पेक्षा कमी म्हणजे सामान्य, 45 ते 54 सीमेवर, 55 ते 200 प्रीम्युटेशन (पूर्ण दोषाच्या आधीची पायरी). 200 च्या वर गेली की जनुकच सहसा बंद पडते. चिठ्ठीवर ‘एफएमआर-1 सीजीजी रिपीट’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. चाचणी पीसीआर या डीएनएच्या प्रती काढणाऱ्या तंत्राने होते, आणि मोठी संख्या किंवा मेथिलेशन (जनुक बंद करणारी रासायनिक खूण) पाहायचे असेल तर सदर्न ब्लॉट ही वेगळी चाचणीही लागू शकते.

मुलात दोष सापडला तर आईचीही तपासणी हवी, कारण पुनरावृत्ती वाढते ती आईकडून मुलाकडे येताना. प्रीम्युटेशन असलेल्या काही स्त्रियांची पाळी चाळिशीच्या आतच थांबते. प्रीम्युटेशन आईच्या वडिलांकडूनही आलेले असू शकते; त्यांचे उतारवयात हात थरथरत असतील, चालताना तोल जात असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. प्रीम्युटेशनमध्ये एफएमआरपी बहुतांशी ठीक असते, पेशीला त्रास होतो तो मुख्यतः एफएमआर-1 च्या जास्त बनलेल्या आरएनएचा.

– एक वाचक, पुणे