येरच्या परसबागेचे दार उघडणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या जूनमध्ये आपण माझ्यासाठी एक अख्खा शनिवार मोडलात, आणि निघताना स्टेशनवर मी आपले कसेबसे आभार मानले. ते अपुरे होते हे मला गाडीत बसल्यावरच जाणवले. आपली माझी ना ओळख, ना नाते. मुलाच्या एका स्नेह्याने आपला पत्ता दिला आणि मी, निफाड तालुक्यातला एक निवृत्त चित्रकला शिक्षक, आपल्याला भीत भीत पत्र लिहिले, एवढाच काय तो संबंध. हे आभार सर्वांसमोर मानावेसे वाटले, म्हणून हे उघड पत्र.

शाळेत मी जी चित्रे मुलांना वर्षानुवर्षे दाखवली, त्यांत ग्युस्ताव कायबॉत या फ्रेंच चित्रकाराचे ‘माळी’ हे एक होते. डोक्यावर गवती टोप्या, कमरेला निळे कापड आणि पाय अनवाणी, अशी दोन माणसे घेवड्याच्या सरळ ओळींना झारीने पाणी घालत आहेत. मागे वाफ्यांवर काचेच्या घंटा ओळीने पालथ्या घातल्या आहेत आणि त्यांच्या मागे उंच भिंत आहे. 1875 ते 1877 या काळातले हे चित्र आमच्या मुलांना कधी परके वाटले नाही. पाणी भरलेली झारी हातात असली की माणूस कसा चालतो, हे त्यांना घरीच ठाऊक होते. पॅरिसजवळ मुलाकडे राहायला गेलो तेव्हा तो मळा कायबॉत कुटुंबाच्या ज्या घराचा, ते घर पाहायचेच, असे मी ठरवून गेलो होतो.

आपल्याला भेटण्याच्या आदल्या आठवड्यात मी एकटाच तिकडे जाऊन आलो होतो, हे मी आपल्याला सांगितलेच. पॅरिसच्या आग्नेयेला, एसॉन जिल्ह्यातल्या येर गावी, ‘आर ई आर’ या उपनगरी रेल्वेची ‘डी’ गाडी थेट नेते. उद्यान पाहिले, स्तंभांच्या रांगेचे ते पांढरे, इटालियन वळणाचे घर पाहिले, फलक वाचता येईनात म्हणून नुसतेच पाहिले. परसबागेपाशी पोहोचलो तर दार बंद. भिंतीच्या बाहेर थोडा वेळ उभा राहून परत आलो. त्याच रात्री मी आपल्याला लिहिले आणि सकाळी आपले उत्तर आले: ‘शनिवारी या. आम्ही मंडळी तिथे काम करत असतो. घर नंतर दाखवीन, आधी मळ्यात चला.’

हा क्रम आपण ठरवलात, याबद्दल मी आपला सर्वांत जास्त ऋणी आहे. मी आधी पुन्हा घराच्या दर्शनी भागासमोर उभा राहिलो असतो, तर मला पुन्हा एक चित्रच दिसले असते. आपण मला मागच्या बाजूने, घर जिथून जेवत होते तिथून आत नेलेत.

परसबागेभोवतीच्या भिंती चोरांसाठी किंवा शोभेसाठी आहेत, असाच माझा समज होता. आपण माझा हात धरून भिंतीला लावलात. दुपारभर कडक ऊन पडले होते, मग ढग आले आणि वारा गार झाला, तरी दगडाला चुलीशेजारच्या भिंतीसारखी ऊब होती. दिवसाचे ऊन भिंत साठवते आणि रात्री हळूहळू झाडाला परत देते, वारा अडवते, म्हणून तिच्या कुशीत फळ लवकर पिकते, हे आपण चार वाक्यांत सांगितलेत. काचेच्या घंटांचे कामही तेच, फक्त एकेका रोपापुरते. इतकी वर्षे ते चित्र शिकवताना मी त्या घंटांबद्दल मुलांना ‘प्रकाश कसा रंगवला आहे पाहा’ एवढेच सांगत आलो होतो. त्या तिथे कशासाठी आहेत, हे मी कधी विचारलेच नव्हते.

मग नाशपातीचे ते झाड. भिंतीला चिकटवून, फांद्या दोन्ही बाजूंना आडव्या ताणून वाढवलेले झाड मी पहिल्यांदाच पाहत होतो, पण पाहताक्षणी ओळखीचे वाटले, कारण आमची द्राक्षेही आम्ही तारेवर अशीच वळवतो. आपल्या सोबतच्या वयस्कर माळीबुवांना आपण फ्रेंचमध्ये काही सांगितलेत. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिले आणि राफियाचा, म्हणजे ताडासारख्या झाडाच्या पानांपासून काढलेला, एक धागा माझ्या हातात दिला. कोवळा फुटवा तारेला बांधताना मी आमच्याकडे बांधतो तशी सैल आठाची गाठ मारली, म्हणजे फांदी जाड झाली तरी काचत नाही. त्यांनी बोट घालून गाठ तपासली आणि मान डोलावली. त्यांची भाषा मला येत नव्हती आणि माझी त्यांना, तरी त्या मान डोलावण्याने मला झालेला आनंद मी अजून घरी सांगत असतो.

घरात आपण प्रत्येक फलक मला वाचून दाखवलात, कंटाळा न करता, माझे तेच तेच प्रश्न सहन करत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बोरेल नावाच्या पॅरिसमधल्या नामांकित भोजनगृहाच्या मालकाने या घराला आजचे रूप दिले. पुढे लष्कराला अंथरूण-पांघरुणाचा माल पुरवून श्रीमंत झालेल्या मार्सियाल कायबॉत यांनी, म्हणजे ग्युस्तावच्या वडिलांनी, 1860 मध्ये ही मालमत्ता घेतली. तेव्हा ग्युस्ताव अकरा वर्षांचा होता. उन्हाळा आला की पॅरिसचे कुटुंब इथे यायचे. मग डिसेंबर 1874 मध्ये वडील गेले, 1876 मध्ये धाकटा भाऊ रने पंचविशीतच गेला, 1878 मध्ये आई सेलेस्त गेल्या आणि 1879 मध्ये घर विकले गेले.

या तारखा मी पूर्वी वाचल्या होत्या. पण आपण मला घरासमोर उभे करून म्हणालात, ‘इथे बायका बसल्या होत्या,’ तेव्हा त्यांचा अर्थ लागला. कायबॉतच्या 1876 च्या त्या चित्रात पुढे त्याची चुलतबहीण भरतकाम करते आहे, मागे इतर स्त्रिया आहेत आणि सर्वांत दूर आई पुस्तक वाचते आहे. पती जाऊन दोन वर्षेही झाली नव्हती. कुंड्यांतल्या संत्र्याच्या झाडांखाली त्याचा दुसरा भाऊ वाचत बसला आहे ते चित्र 1878 चे, म्हणजे आईच्या अखेरच्या उन्हाळ्यातले. माझ्या मते कायबॉतने इथे निसर्ग रंगवला असे म्हणणे अपुरे आहे. आपले घर रिकामे होत असताना त्याने घरातली माणसे आणि त्यांची कामे रंगवून ठेवली, आणि त्यात माळ्यांनाही घरच्यांइतकीच जागा दिली.

येर नदीकाठी आपण थोडाच वेळ थांबलो, कारण पावसाचे थेंब पडू लागले होते. पाण्यावर वर्तुळे उमटली आणि आपण काही न बोलता हसलात. कायबॉतच्या 1875 च्या पावसाच्या चित्रातली वर्तुळे मलाही आठवली होती. याच नदीवर वल्ही मारणाऱ्या उंच टोपीवाल्या गृहस्थाचे त्याचे चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाने 2023 मध्ये देणगीतून 43 दशलक्ष युरोंना मिळवले, हे आपण परतताना सांगितलेत. रक्कम ऐकून मी थक्क झालो खरा, पण माझ्या मनात त्या वेळी ती भिंतच होती.

ती भिंत आणि तो मळा आज उभे आहेत, कारण 1973 मध्ये गावाने ही मालमत्ता विकत घेतली, आणि आपल्यासारखी माणसे सुट्टीच्या दिवशी विनामोबदला तिथे खुरपे घेऊन बसतात. माझे आभार त्या सर्वांपर्यंत, विशेषतः माळीबुवांपर्यंत, आपण त्यांच्या भाषेत पोहोचवावेत. त्यांच्यासाठी आमच्या बागेतले बेदाणे मुलाबरोबर पाठवले आहेत. अर्धा डबा आपला.

शाळेने मला नुकतेच एका तासासाठी पुन्हा बोलावले होते. मी ‘माळी’ हेच चित्र नेले आणि मुलांना आधी वर्गाबाहेर नेऊन पश्चिमेच्या भिंतीला हात लावायला सांगितले.

आता एकच विनंती. मी बांधलेला तो फुटवा थंडीत तगला का, आणि छाटणीत त्याचे किती डोळे राखले, तेवढे सवडीने कळवावे.

आपला नम्र,
निफाडचा एक चित्रकला शिक्षक